चाळीस सेकंदांचा नकाशा

१

दीनानाथकाकांच्या बाराव्याला जयदीपनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. कागद माझाच होता.

वर्षापूर्वी मीच तो छापून दिला होता. झाशीच्या नगरा भागातल्या त्यांच्या घराचा नकाशा, लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत. मागच्या खोलीपासून कोठीपर्यंत एक जाड काळी रेघ, आणि तिच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'जाऊन-येऊन चाळीस सेकंद.' खाली माझी सही.

"ताई, ह्याच्यावर आजची तारीख टाकून परत एकदा सही करा," जयदीप म्हणाला. "उद्या तेरावं झालं की परवा सकाळी मी थाने में तहरीर देतोय, लेखी तक्रार."

"कुणाविरुद्ध?"

"शाल्मलीविरुद्ध. तिनं बाबांना मारलं. आणि ते तुमच्याच कागदावर लिहिलंय."

शाल्मली म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, हृषीकेशची बायको. हृषीकेश दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून ती आणि तिची नऊ वर्षांची अनुया सासरीच आहेत. काकांची औषधं, वाफ, अंघोळ, सगळं तीच करायची.

"आणि अनुया?" मी विचारलं.

"ती इथंच राहणार. आमच्या घरची पोर आहे. तिच्या आईचं काय ते दरोगाजी बघतील."

मी पेन उचललं नाही. "मला उद्यापर्यंत वेळ दे," म्हणाले. तो लगेच तयार झाला. माझ्या कागदावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

२

मी इथल्या एका कॉलेजात वास्तुकला शिकवते. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. त्याला घराचा नकाशा दिला की ते प्रत्येक खोलीचा ठिपका करतं आणि प्रत्येक दाराची रेघ. मग मोजतं: कुठून कुठे जायला किती दारं ओलांडायची, कुठली जागा सगळ्यांना जवळ पडते आणि कुठली लांब. जवळची जागा लाल दिसते, लांबची निळी. आणखी एक काम ते करतं. नकाशावर कुठेही बोट ठेवा, तिथे बसलेल्या माणसाला जेवढं दिसेल तेवढा भाग ते उजळून दाखवतं. मुलांना हे फार आवडतं. मलाही आवडायचं.

काका चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. आम्ही झाशीत सात पिढ्यांचे. आमच्या मराठीला गंज चढलाय म्हणून ते मला चिडवायचे. फुप्फुसं गेली तेव्हा त्यांना चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागलं. लाइट गेली तर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरही गेला तर हातात उचलता येईल असा छोटा सिलिंडर. सकाळी ते पुढच्या व्हरांड्यात बसायचे, दुपारी आणि रात्री मागच्या खोलीत झोपायचे.

"हा सिलिंडर ठेवायचा कुठे, ते तुझ्या कंप्युटरला विचार," ते म्हणाले आणि घराचा मंजूर नकाशा माझ्या हातात दिला. मी तो सॉफ्टवेअरला दिला. हॉलला आणि व्हरांड्याला लागून असलेली छोटी कोठी लालभडक झाली. सिलिंडर कोठीत गेला. मागच्या खोलीतून बोळ, बोळातून हॉल, हॉलमधून कोठी. तीन दारं. काका खूश झाले होते.

ज्या शुक्रवारी ते गेले त्या दिवशी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये तीसेक बायका. पुरुष त्या दिवशी हॉलकडे फिरकत नाहीत. जयदीप बिजौलीला त्याच्या फॅक्टरीत गेला होता. दुपारी तीन एकेचाळीसला लाइट गेली आणि पाठोपाठ इन्व्हर्टरही बंद पडला. तीन सत्तेचाळीसला मागच्या खोलीतून शाल्मलीची किंकाळी आली. आम्ही धावलो तेव्हा सिलिंडर खाटेजवळ होता, त्याचा नॉब उघडा होता आणि काका गेलेले होते. पाच मिनिटांच्या आत ऑक्सिजन मिळता तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

'आम्ही' म्हणतेय, कारण मी तिथेच होते. जयदीपच्या बायकोनं, माधुरीनं, मोबाइल स्टँडवर लावून सगळ्या समारंभाचा व्हिडिओ घेतला होता. त्यात मी ऐसपैस मांडी घालून कैरीची डाळ खाताना दिसते.

तोच व्हिडिओ जयदीपचा मोठा पुरावा होता. हॉलची सतरंजी आणि कोठीचं दार त्यात पूर्ण वेळ दिसतं. त्या सहा मिनिटांत कुणीही कोठीत गेलं नाही. शाल्मली तर हॉलमध्ये आलीच नाही.

"कोठीत जायला हॉलशिवाय रस्ता नाही, हे तुमचाच नकाशा सांगतो," जयदीप म्हणाला होता. "म्हणजे सिलिंडर आधीपासून तिच्याजवळच होता. सहा मिनिटं ती बाबांना तडफडताना बघत बसली, मग नॉब उघडला."

कागदावर यात कुठे खोट दिसत नव्हती.

३

शाल्मली मागच्या खोलीतच होती, काकांच्या रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर, पाय साडीखाली घेऊन बसलेली.

"करा सही, ताई," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "उशीर झाला तो मलाच झाला."

"सिलिंडर कुठून आणलास?"

"आणला."

"हॉलमधून का नाही गेलीस?"

"सुचलं नाही."

"शाल्मली, परवा जयदीप पोलिसांत जाईल. अनुयाला ठेवून घेईल. तुला कळतंय ना?"

अनुयाचं नाव घेतल्यावर तिनं खाटेवरची चादर सारखी केली. मग उगीचच "पाणी आणते" म्हणून उठली. ती तळव्यांच्या कडांवर चालत होती, पाऊल पूर्ण टेकवत नव्हती.

"पायाला काय झालं गं?"

"गरम दूध सांडलं."

मी मान डोलावली. दारापर्यंत गेल्यावर उंबरा ओलांडायला तिनं पाऊल उचललं आणि तळवा मला दिसला. फुटलेल्या फोडांची कातडी, अर्धी सुकलेली. पावलाची वरची बाजू मात्र स्वच्छ होती.

सांडलेलं दूध पावलावर पडतं. तळव्याला भाजायला खालून काहीतरी तापलेलं असावं लागतं.

४

माधुरी स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणाची यादी करत होती. तिचं माहेर सागरचं. मराठी समजतं, बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदी येते.

"दीदी, मी काय सांगू? मेरा तो दिमाग ही काम नहीं करता. मला तर ती कधी वाईट नाही वाटली. पण हे म्हणतात तर असेल."

"सिलिंडर तू शेवटचा कधी पाहिलास?"

"त्याच दिवशी. कोठीतून पितळेची ताटं काढली ना मी, तेव्हा पायाला लागला. तीन वाजले असतील, बायका यायला लागल्या होत्या."

"तीन वाजता तो कोठीत होता? नक्की?"

"हो ना. सरकवून ठेवला."

"हे जयदीपला सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

तीन वाजल्यापासून व्हिडिओ चालू होता. कोठीच्या दारातून सिलिंडर बाहेर आलेला त्यात कुठेच नाही. म्हणजे तीन वाजता जो सिलिंडर कोठीत होता, तो पावणेचारला हॉल न ओलांडता मागच्या खोलीत पोचला होता. माझ्या नकाशाप्रमाणे हे होऊच शकत नव्हतं.

"इन्व्हर्टरचं काय झालं गं?" मी विचारलं.

"दोन-दोन कूलर लावले ना यांनी त्याच्यावर सकाळी. बायकांना गरमी होईल म्हणून. लाइट गेली तरी एक मिनिट कूलर चालले, फिर सब बंद." ती बोलता बोलता थबकली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. "दीदी, हे यांना नका सांगू. ते रात्रभर झोपत नाहीत. त्यांना माहीत आहे."

तर जयदीपला गुन्हेगार हवा होता तो याच्यासाठी. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती कीव.

माधुरी विषय बदलायला म्हणाली, "दिवसच खराब होता तो. बायका यायच्या जरा आधी छतावर साबुदाण्याचे पापड घातले होते मी, ते पण माकडांनी तुडवले."

"खाल्ले नाहीत?"

"नाही ना! मधल्या दोन रांगा नुसत्या तुडवल्या, बाकीचे तसेच. ओले होते, चिखल झाला."

"आणि गच्चीचं दार? माकडांमुळे तुम्ही कुलूप घालता ना?"

"रोज घालतो. त्या दिवशी पापडांसाठी वर-खाली चाललं होतं म्हणून उघडंच राहिलं."

आमच्या झाशीची माकडं ओले पापड तुडवून पुढे जात नाहीत. ती पंगत मांडून खातात. मी चपला घालून मागच्या अंगणात गेले.

५

अंगण तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींनी बंद होतं, पण तिथे एक लोखंडी जिना होता. पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा, अरुंद, भिंतीला लावलेला. तो मंजूर नकाशात नव्हता, कारण घर झाल्यावर दहा वर्षांनी बसवला होता. म्हणून तो माझ्या सॉफ्टवेअरमध्येही नव्हता. मी अंगणात डोकावलेच नव्हते. आणि व्हरांड्यातून गच्चीवर जाणाऱ्या पुढच्या पक्क्या जिन्याचं काय केलं होतं? तळमजल्यापुरतंच मोजायचं म्हणून 'वर' असा नुसता बाण दाखवून सोडून दिला होता. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी वही परत फेकली असती.

साडेतीन वाजले होते. मी वर गेले. गच्चीला डांबराची काळी शीट मारलेली आहे, गळू नये म्हणून. टाकीपासून पुढच्या जिन्याच्या दारापर्यंत सरळ वाट. मधेच विटांनी दाबलेली जुनी साडी अजून पसरलेली होती. तिच्यावर सुकलेला साबुदाणा चिकटला होता, आणि त्यात पावलं उमटली होती. माणसाची पावलं, अनवाणी, टाचेपेक्षा चवड्यावर जास्त भार देऊन धावलेली. काही पुढे जाणारी, काही मागे येणारी.

मी चपला काढल्या. अकराव्या पावलाला ओरडले आणि परत पायात घातल्या. आणि ती हे अंतर दोनदा धावली होती, परतताना हातात पाच किलोचा सिलिंडर घेऊन.

मागची खोली, अंगण, लोखंडी जिना, गच्ची, पुढचा जिना, व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या बाजूनं कोठीचं दुसरं दार. त्या दारातून सिलिंडर उचलला तर हॉलमधल्या मोबाइलला काहीच दिसत नाही. मी घड्याळ लावून, हातात पाण्यानं भरलेला डबा घेऊन जाऊन आले. पाच मिनिटं वीस सेकंद. ती माझ्यापेक्षा तरुण आहे, पण तिचे पाय जळत होते.

शाल्मली बघत बसली नव्हती. वाचवायला धावली होती. मला हायसं वाटलं, आणि ते जेमतेम जिना उतरेपर्यंत टिकलं. कारण खाली जयदीप उभा राहून पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. चाळीस सेकंदांची वाट सोडून ती आगीतून का गेली?

ती तीन दारांची वाट कशी होती? मधल्या दारापलीकडे हळदीकुंकू चाललं होतं. आमच्या घरांतून विधवा बाई त्या खोलीत पाय ठेवत नाही. कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पाटी लावत नाही. माझ्या सॉफ्टवेअरला दार म्हणजे दार. ते कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे त्याला मी सांगायला हवं होतं, आणि मी तर त्या हॉलमध्ये डाळ खात बसले होते. शाल्मली कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तीस बायकांत एकीनंही विचारलं नाही.

पण तेवढ्यानं माझं समाधान होत नव्हतं. माणूस मरत असताना कुठली बाई रीत बघेल? दारापर्यंत तरी येईल. हाक मारेल.

मी घरी जाऊन व्हिडिओ परत लावला.

६

तीन बेचाळीस. पंखे थांबलेत, कूलर थांबलेत, बायका पदरानं वारा घेताहेत, कुणीतरी गाणं सुरू केलंय आणि बाकीच्या टाळ्या वाजवताहेत. गौरीच्या पायऱ्यांशेजारी पाटावर शारदाकाकू बसल्या आहेत, दीनानाथकाकांच्या पत्नी, मोठं कुंकू लावून. त्यांची मान डावीकडे वळते. चौकटीबाहेर काहीतरी दिसतं. उजवा हात छातीपर्यंत वर येतो, तळवा बाहेर, आणि दोनदा हलतो. नको, नको. मग त्या परत वळून हसतात.

मी लॅपटॉपवर काकूंच्या घराचा नकाशा उघडला. गौरीच्या पायऱ्या माणसाच्या छातीएवढ्या उंच होत्या, त्या नकाशात भिंतीसारख्या आड घातल्या. मग तीस बायकांच्या तीस जागांवर एकेक करून बोट ठेवलं. बोळाचं दार एकीलाही दिसत नव्हतं, पायऱ्या आड येत होत्या. शेवटी काकूंच्या पाटावर बोट ठेवलं. सतरंजी उजळली, खिडकी उजळली, आणि डावीकडे एक बारीक पट्टी उजळली. ती पट्टी थेट बोळाच्या दारावर जाऊन थांबत होती.

शाल्मली दारापर्यंत आली होती. काकूंनी तिला हातानं परत पाठवलं होतं.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. काकू देवापुढे बसल्या होत्या. कपाळ मोकळं. पुढच्या चैत्रात त्यांनाही मागच्याच खोलीत बसावं लागेल, हे मनात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"काकू, हळदीकुंकवात तुम्ही बोळाकडे बघून हात केलात. कुणाला?"

"आठवत नाही, बाई." फार लवकर म्हणाल्या. मग माळ ओढत, "त्या पोरीला काही करू नका म्हणावं जयदीपला."

शाल्मलीनं मात्र या वेळी नाकारलं नाही. लॅपटॉपवरची उजळलेली पट्टी बघितली आणि खाली बसली.

"गेल्या वर्षी मी डाळीचं तबक घेऊन आत गेले होते," ती म्हणाली. "एक बाई सरकून बसल्या, दुसरीनं करंडा झाकला. रात्री आई माझ्याजवळ बसून खूप रडल्या. म्हणाल्या, पुढल्या वर्षी तू बाबांजवळच बस, तुझा अपमान मला बघवत नाही. मायेनं म्हणाल्या हो ताई, खरंच."

"आणि त्या दिवशी?"

"मशीन थांबलं. मी पळत दारापर्यंत आले. आत गाणं चालू होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आईंचा हात दिसला. दोन सेकंद असतील. पाय आपोआप वळले. जिन्यावर गेल्यावर कळलं मी काय केलं, पण तोवर वाटलं, आता इकडूनच लवकर होईल."

"हे तू बारा दिवस का नाही सांगितलंस?"

"आईंना काय वाटलं असेल? पन्हं संपलं म्हणून विचारायला आले असेन. त्यांच्या लक्षातही नाहीये ते. उद्या त्यांना कळलं की आपण हात केला म्हणून हे गेले, तर त्या जगतील का?" तिनं माझा हात धरला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांना नका सांगू. हृषीकेश गेल्यावर ह्या घरात मला कुणी कुशीत घेतलं असेल तर त्यांनीच."

"अनुया जाईल तुझी."

"आईंजवळच राहील ना," ती म्हणाली. तिनं हे आधीच ठरवून टाकलेलं होतं.

मी तिला शब्द दिला. आयुष्यात इतका वाईट शब्द मी कुणाला दिला नाही.

७

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले. हॉलमध्ये जयदीप, माधुरी, काकू, शाल्मली आणि मी. अनुया बोळात शाळेचं दप्तर भरत होती.

मी जयदीपला गच्चीची वाट सांगितली. कोठीचं दुसरं दार, तुडवलेले पापड, साडीवरची पावलं, शाल्मलीचे तळवे. माधुरीनं खाली मान घालून तीन वाजताच्या सिलिंडरची गोष्ट सांगितली. जयदीप ऐकत राहिला. त्याचा चेहरा सुटला नाही.

"ठीक है. मग हॉलमधून का नाही आली?"

"सुचलं नाही, भाऊजी," शाल्मली म्हणाली.

"रोज दहादा ये-जा करते आणि त्याच वेळी सुचलं नाही? छतावर जायचं मात्र सुचलं?" त्यानं माझा कागद पुढे धरला. "चाळीस सेकंद, ताई. तुम्ही लिहिलंय. तिनं मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. म्हणजे तहरीर तशीच राहणार."

"जयदीप, इन्व्हर्टरवर कूलर कुणी लावले होते?" मी विचारलं.

तो पांढराफटक पडला. पण मागे हटला नाही, उलट आवाज चढला. "हो, मी लावले! मी लावले म्हणून तर सिलिंडर होता ना! चाळीस सेकंदांचं काम होतं!" आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, बापाची तिरडी उचलली तेव्हा रडला नव्हता तसा.

मी शाल्मलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. मी तरीही तोंड उघडलं, कारण कुणीतरी उघडायलाच हवं होतं.

"मी हात केला," काकू म्हणाल्या.

कुणालाच आधी कळलं नाही त्या कशाबद्दल बोलताहेत.

"ती दारात आली होती. मी हातानं परत पाठवली तिला. मला वाटलं ती आत येतेय. बायका बसल्या होत्या." त्या सतरंजीकडे बघत होत्या. "तोंड उघडलं होतं तिनं. काहीतरी सांगायचं होतं, ते मला दिसलं. म्हटलं, असू दे, गाणं संपलं की बघू."

माधुरी पदर तोंडाशी धरून उभी राहिली. जयदीपच्या हातातला कागद खाली आला. मला वाटलं, संपलं. शाल्मली सुटली. मी सांगायचं नव्हतं ते आपसूक बाहेर आलं.

शाल्मली काकूंच्या समोर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती.

"आई, तुमच्या लक्षात होतं?"

काकूंनी सतरंजीकडे बघतच मान डोलावली.

"कधीपासून?"

"तू किंकाळी फोडलीस ना," काकू म्हणाल्या, "तेव्हापासूनच."

"भाऊजी रोज मला बोलत होते. तुम्ही शेजारी बसलेल्या असायचात."

"जीभ उचलत नव्हती गं. जयदीप काय म्हणेल, लोक काय म्हणतील. आणि तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं, तुलाही नीट दिसलं नसेल."

"मी तुमच्यासाठी गप्प होते, आई."

ती ज्या आवाजात हे म्हणाली त्यात राग असता तर बरं झालं असतं. बारा दिवस तिनं ज्या बाईला जपलं होतं, ती बाई बारा दिवस तिच्याआड लपली होती, आणि हे तिला त्या क्षणी कळत होतं, माझ्या देखत, माझ्यामुळे. मी सही करून गप्प बसले असते तर निदान हे तिला कधी कळलं नसतं. शोध लावणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही.

जयदीपनं तहरीर आणि माझा नकाशा, दोन्ही कागद फाडले. "शाल्मली," तो म्हणाला, "चूक झाली. घर तुझंच आहे. अनुया..."

शाल्मली उठली. बोळात जाऊन अनुयाला म्हणाली, "चल, ग्वाल्हेरच्या आजीकडे जायचं. माझ्या आईकडे."

"पण कल तो स्कूल है, मम्मा."

"असू दे."

काकूंनी हात जोडले. मोठ्या बाईनं धाकट्या सुनेपुढे हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "मला टाकून जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मी आता त्याच खोलीत बसणार आहे, तुझ्याजवळ."

शाल्मली थांबली. क्षणभर मला वाटलं ती परत फिरेल, इतकी तिला त्यांची सवय होती.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंत ना, आई," ती म्हणाली, "तर मी जन्मभर तुमच्याजवळ बसले असते."

मग तिनं अनुयाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दोघी बाहेर पडल्या. जयदीप ऑटो बघायला मागोमाग गेला. काकूंचे हात तसेच जोडलेले होते, आणि ते खाली घ्यायला आमच्यापैकी कुणी पुढे झालं नाही.